पोटातली धग आणि घराण्याचा वारसा

"आजा पोटाच्या गाठीनं गेला, बापही त्याच दुखण्यानं गेला, आता आपली पाळी," असे बोलणे आपल्या जिल्ह्यात कानावर येते. त्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी थोडा इतिहास चाळू या.

फ्रान्सचा बादशहा नेपोलियन याचे वडील १७८५ साली वारले, तेव्हा त्यांच्या जठरात गाठ सापडली. १८२१ साली सेंट हेलेना बेटावर नेपोलियन मरण पावला, तेव्हा त्याच्याही जठरात मोठा व्रण दिसला. बापाचा रोग लेकाला, असे म्हणायला एवढे पुरेसे झाले.

पण १८६३ साली जर्मनीतील वैद्य फिर्खो यांनी दुसरीच दिशा दाखविली. जिथे दाह फार दिवस टिकतो तिथे कर्करोग उगवतो, असे त्यांनी मांडले. दाह म्हणजे काय? पायात काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. ती शरीराची लढाईच असते. काटा निघाला की धग विझते. पण काटा आतच राहिला तर?

जठरातला काटा कोणता, हे १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात कळले. वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवून दिला. त्याबद्दल २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि उपचार न केल्यास वर्षानुवर्षे राहतो.

या धगीला इंधन कोण पुरविते? तर आपल्याच शरीरातील विकरे, म्हणजे एन्झाइम. शरीरातील घडामोडी झटपट घडवून आणणारी ही द्रव्ये. दाह सुरू झाला की 'कॉक्स-२' नावाचे विकर वाढते आणि दाह चालू ठेवणारी रसायने तयार करते. पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि त्यात कधी बिघाड होतो. ॲस्पिरिन या जातीच्या विकरांना अडविते, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखविले. म्हणून कोणी मनानेच ॲस्पिरिन घेऊ नये हो! त्याने जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

आता वारशाकडे येऊ. विकरे घडविण्याची कृती जनुकांत असते, आणि ती माणसागणिक किंचित वेगळी असते. म्हणून कोणाची धग मंद, तर कोणाची भडक. पण अशा एकेका फरकाने धोका थोडासाच बदलतो. १९९८ साली न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात मात्र फार मोठा धोका आणणारा जनुकदोष सापडला. तसली घराणी विरळा. जठराच्या शंभर कर्करोगांत अशी एक ते तीनच.

मग इतर घरांत रोग पुन्हा का दिसतो? कारण घरातून दोन वारसे मिळतात. एक जनुकांचा. दुसरा एकाच माठाचा, एकाच ताटाचा, तंबाखूच्या एकाच डबीचा. पहिला नाकारता येत नाही, दुसरा येतो.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावच्या बायाबापड्यांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका केले आणि स्वच्छ पाण्याचे महत्त्व घरोघर पोचविले. शेजारच्या बार्शी, परांडा, भूम भागात १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगांची नोंद सुरू झाली. नोंद करणारी माणसे गावात जाऊन रोगाची लक्षणेही समजावून सांगू लागली. खेड्यातला माणूस हे ज्ञान पेलू शकतो, याचा हा पुरावाच नव्हे काय?

तेव्हा घरात आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. जंतूची तपासणी होते आणि औषधांनी तो जातोही. जेवण जाईना, वजन घटले, शौचाला काळे होऊ लागले, तर दुर्बिणीने तपासून घ्यायला उशीर करू नका. गुरुजींनी वर्गात मुलांना हात धुण्याचे कारणही सांगावे. बापाची जमीन लेकाकडे येते, तसे बापाचे दुखणे आलेच पाहिजे असा काही कायदा नाही.