घटका भरते म्हणजे नक्की काय होतं?

आज वाळूच्या घड्याळाबद्दल बोलायचंय, पण सुरुवात पाण्यापासून करतो. कारण आमच्या पाटस-दौंड पट्ट्यात भीमेच्या वाळूचा कितीही उपसा झाला, तरी वेळ मोजायला आपल्याकडे होतं ते घटिकापात्र.

तांब्याची पातळ वाटी, बुडाला बारीक भोक. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत चढतं, वाटी भरते आणि गडप! झाली एक घटका. म्हणजे 24 मिनिटं. दिवस-रात्र मिळून 60 घटका, एका घटकेची 60 पळं. "त्याची घटका भरली" असं आपण म्हणतो ना, ते ह्या वाटीचं भरणं. 'घड्याळ' हा शब्दही ह्याच घराण्यातला.

लग्नात हे काम जोशीबुवांचं. सूर्य उगवला किंवा मावळला की वाटी सोडायची, बुडाली की काढून पुन्हा सोडायची, आकडा लक्षात ठेवायचा. अख्ख्या मांडवाची वेळ एका माणसाच्या नजरेवर! डुलकी लागली तर संपलंच. आता वेळ प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी पत्रिकेवर 12.35 आणि अक्षता दीड वाजता, कारण मधे पाहुण्यांचे सत्कार. वाटीला कोण सांगणार, "साहेब येताहेत, जरा थांब"?

लीलावतीची दंतकथा ह्याच धास्तीची. भास्कराचार्यांची ही मुलगी लग्नाच्या दिवशी घटिकापात्रात वाकून बघते, दागिन्यातला मोती आत पडतो, भोक बुजतं, मुहूर्त टळतो. ही गोष्ट येते फैजीनं 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे भास्कराचार्यांनंतर 400 वर्षांनी. मला काही ती खरी वाटत नाही. पण यंत्राची दुखरी जागा मात्र बरोबर पकडलीय.

खुद्द भास्कराचार्यांचं म्हणणं मला जास्त आवडतं. जुन्या ग्रंथांत वाटीचं वजन, रुंदी, भोकासाठी सोन्याच्या तारेचं माप असलं बरंच काही होतं. 'सिद्धान्तशिरोमणी'त ते ह्या मापांच्या भानगडीत पडत नाहीत. वाटी दिवस-रात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि भागाकार करा. बस्स!

आता वाळू. सिएना ह्या इटालियन शहरात लोरेंझेत्तीनं 1338 च्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रात वाळूचं घड्याळ दिसतं. पुढे ते जहाजांवर फार चाललं, कारण हलत्या जहाजात पाणी हिंदकळतं. दुसरी गंमत अशी, की भांड्यातून पाणी गळताना पातळी उतरली की धार मंदावते. वाळूचं तसं नाही. कण एकमेकांना आणि काचेला टेकून राहतात, वरचं बरंचसं वजन काचच पेलते, त्यामुळे ढीग मोठा असो की छोटा, धार जवळपास तेवढीच. पण कण कोरडे, बारीक आणि एकसारखे हवेत. आपली भीमेची वाळू स्लॅबला झकास, पण त्या बारीक मानेत अडकून बसेल. युरोपात तर बऱ्याचदा संगमरवराची नाहीतर अंड्याच्या टरफलांची पूड वापरायचे.

घरी करून बघायचंय? एखाद्या जुन्या स्टीलच्या वाटीला खिळ्यानं भोक पाडा, बादलीत सोडा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. 12 मिनिटांत बुडाली, तर दिवस-रात्रीत 120 वेळा बुडणार, म्हणजे तुमची वाटी अर्ध्या घटकेची. फारच लवकर बुडाली तर भोक मोठं झालंय, बारीक खिळा घ्या. आणि वाटी आईला विचारून घ्या.