लाईम गांवची व्याधि

एखाद्या रोगाला आपल्या गांवाचें नांव मिळावें, असें कोणत्याहि ग्रामस्थास वाटणार नाहीं. तथापि वैद्यकाच्या इतिहासांत अशीं अभागी गांवें अनेक आहेत. कर्नाटकांतील शिमोगा जिल्ह्यांतलें क्यासनूर हें त्यांपैकींच एक. १९५७ सालीं तेथील रानांत माकडें मरूं लागलीं, पाठोपाठ माणसें तापानें फणफणलीं, आणि पुण्याच्या विषाणु-संशोधन-केंद्रानें त्या तापाचा छडा लावल्यावर गोचिडींपासून होणाऱ्या त्या रोगास क्यासनूरचें नांव चिकटलें. तोच पुढें सिंधुदुर्गांत दोडामार्गाकडे 'माकडताप' म्हणून परिचित झाला. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांतलें लाईम हें असेंच दुसरें गांव. तेथील रोगहि गोचिडीचाच. मात्र त्याचा इतिहास आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. कारण, रोग्याचें म्हणणें कितपत खरें मानावें, हा प्रश्न त्यांत आरंभापासून अखेरपर्यंत गुंतलेला आहे.

लाईम येथें पॉली मरे नांवाच्या एक चित्रकार गृहिणी पति व चार मुलें यांसह राहात असत. १९६० नंतरच्या दशकांत त्यांना, व पुढें घरांतील इतरांनाहि, एकामागून एक दुखणीं जडलीं. अंगावर चट्टे उठत, ताप येई, डोकें दुखे, गुडघे सुजत. डॉक्टर तपासीत, रक्त पाहात, निष्पन्न कांहींच होत नसे. आणि मग हा सारा मनाचा खेळ असावा, असें बाईंना सुचविण्यांत येई. घरच्या बाईचें दुखणें 'तिचें नेहमींचेंच आहे' म्हणून कसें उडवून लावलें जातें, हें आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नकोच! बाईंनीं मात्र टिपणें ठेवण्यास आरंभ केला. कोणास, केव्हां, काय झालें, हें त्या लिहून ठेवीत; शेजारींपाजारीं कोणास तसेंच होतें, याचीहि नोंद करीत. अखेर १९७५ सालीं त्यांनीं संस्थानच्या आरोग्यखात्याला कळविलें. त्याच सुमारास ओल्ड लाईम येथील दुसऱ्या एका मातेनेंहि, आपल्या मुलीप्रमाणें आळींतील अनेक मुलांना बालसंधिवात झाल्याचें सांगितलें जात आहे, अशी तक्रार केली. बालसंधिवात हा कांहीं सांथीचा रोग नव्हे. मग तो एकाच आळींत इतक्यांना कसा व्हावा?

ही तक्रार येल विद्यापीठांतील अॅलन स्टीअर या तरुण डॉक्टरांकडे गेली. त्यांनीं बाईंचीं टिपणें मनापासून ऐकलीं, हेंच त्यांचें पहिलें संशोधन, असें आम्ही म्हणतों. लाईम, ओल्ड लाईम व ईस्ट हॅडम या तीन लगतच्या गांवांत त्यांना ५१ रोगी सांपडले. त्यांत ३९ मुलें होतीं. बहुतेक झाडीच्या, विरळ वस्तीच्या भागांत राहणारे. दुखण्याचा आरंभ प्रायः उन्हाळ्यांत वा त्यानंतरच्या शरदांत. आणि चौघांपैकीं एकास सांधे सुजण्यापूर्वीं कांहीं आठवडे अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठलेला आठवत होता. १९७७ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली.

हा चट्टा युरोपांत मात्र अपरिचित नव्हता. स्वीडनमधील त्वचारोगतज्ज्ञ आर्विद आफ्झेलियस यांनीं १९०९ सालींच स्टॉकहोम येथें त्याचें वर्णन करून त्याचा संबंध गोचिडीच्या दंशाशीं जोडला होता. गोचिडीच्या दंशानंतर मज्जातंतूंना होणाऱ्या विकाराची नोंद १९२२ सालीं फ्रान्समध्यें झाली, आणि १९५० च्या सुमारास स्वीडनमध्यें या चट्ट्यावर पेनिसिलीनचा गुण येतो, हेंहि दिसून आलें. म्हणजे ज्ञान होतें, पण त्वचेचें ज्ञान त्वचावैद्यांपाशीं, सांध्यांचें सांधेवाल्यांपाशीं आणि मज्जेचें तिसऱ्याच पेटींत. हत्ती व आंधळे यांची गोष्ट आमच्या मुलांनाहि पाठ आहे.

जंतु सांपडला तोहि योगायोगानें. मूळचे बाझलचे विली बर्गडॉर्फर हे मोंटाना संस्थानांतील प्रयोगशाळेंत काम करीत. न्यूयॉर्कजवळील शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडी १९८१ सालीं ते निराळ्याच एका तापाच्या जंतूंसाठीं तपासीत असतां, त्यांच्या आंतड्यांत त्यांना मळसूत्री जंतु दिसले. तरुणपणीं गोचिडींतील अशाच जंतूंवर प्रबंध लिहिलेला असल्यामुळें काय पाहात आहोंत, हें त्यांनीं ओळखलें. पुढील वर्षीं हा शोध प्रसिद्ध झाला, आणि १९८४ सालीं जंतूस 'बोरेलिया बर्गडॉर्फेराय' हें नांव मिळालें.

हा जंतु मात्र नवा नव्हे. जनुकांच्या अभ्यासावरून तो अमेरिकेच्या भूमींत निदान ६०,००० वर्षें असावा, असें २०१७ सालीं दिसून आलें. बदललें तें रान. एकोणिसाव्या शतकापर्यंत शेतीसाठीं तोडलेलें जंगल, शेतें ओस पडल्यावर पुन्हां वाढलें, हरणें परतलीं, आणि त्याच झाडींत माणसांनीं बंगले बांधले. गोचिडीच्या पिलांस जंतु मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरापासून. हरणें मोठ्या गोचिडींना पोसतात, पण जंतु देत नाहींत. माणसास बहुधा चावतें तें खसखशीच्या दाण्याएवढें अर्धवट वाढलेलें पिल्लूं. दंश दुखत नाहीं, म्हणून तो ध्यानांतहि राहात नाहीं.

आमचे एक जुने विद्यार्थी कनेक्टिकटांत राहतात. उन्हाळ्यांत रोज संध्याकाळीं मुलांचे कान, कांखा व गुडघ्यांच्या खोबणी पाहण्याचा त्यांच्या घरीं नेम आहे. आपल्याकडे आजी नातीचें डोकें विंचरून पाहते, तसाच हा प्रकार. जंतु अंगांत शिरण्यास गोचीड बहुधा एक दिवसाहून अधिक काळ चिकटून राहावी लागते; म्हणून ती त्याच दिवशीं चिमट्यानें सरळ उपटून काढणें, हा उत्तम उपाय. दंशानंतर ३ ते ३० दिवसांत पसरणारा चट्टा दिसल्यास त्यावरूनच निदान करावें; रक्तांत प्रतिपिंडें दिसण्यास कांहीं आठवडे लागतात, त्यामुळें त्या वेळच्या रक्तपरीक्षेनें फसगत होते. उलट, रोग बरा झाल्यावरहि तीं प्रतिपिंडें वर्षानुवर्षें राहतात. वेळींच डॉक्सिसायक्लिनसारखें औषध दोन आठवडे घेतलें कीं बहुतेक रोगी बरे होतात. हयगय झाल्यास चेहरा वांकडा होणें, हृदयाची गति मंदावणें, गुडघे सुजणें, असे विकार उद्भवतात.

तथापि उपचारानंतरहि कांहीं थोड्यांना थकवा व अंगदुखी महिनोन्‌महिने छळते. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नी त्यांतल्याच. जिना चढतांना त्यांना मध्यें बसावें लागे. अशांपैकीं पुष्कळांची समजूत झाली कीं, जंतु लपून बसले आहेत व औषध आणखी हवें. २००१ सालीं अमेरिकेंत ९० दिवसांच्या, व २०१६ सालीं हॉलंडांत १२ आठवड्यांच्या औषधोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अधिक औषधानें अधिक गुण येत नाहीं, असेंच दोन्हींकडे ठरलें. शिरेंत बसविलेल्या नळीच्या संसर्गानें कोणी कोणी प्राणासहि मुकले. तज्ज्ञ हें सांगूं लागतांच रोगी म्हणाले, "आधीं मरेबाईंचेंहि कोणी ऐकलें नव्हतें!"

हा आक्षेप आम्हांस हसण्यावारी नेतां येत नाहीं. परंतु मरेबाईंनीं आपल्या दुखण्याचें कारण सांगितलें नव्हतें. दुखणें सांगितलें होतें, तेंहि तारीखवार. दुखण्याचा साक्षी रोगीच, त्याच्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे. कारणाचा निवाडा मात्र नोंदींनीं व प्रयोगांनीं व्हावा. पहिल्या पिढीच्या डॉक्टरांनीं पहिला नियम मोडला. पुढच्या पिढींतील कित्येक रोग्यांना दुसरा मानवला नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नींना एका डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें, "तुमचा थकवा खरा आहे, आणि त्यावर माझ्याजवळ औषध नाहीं." त्यानंतर विश्रांति व रोज थोडें थोडें चालणें, एवढ्यावर त्या हळूहळू सावरल्या. औषध नाहीं हें ऐकूनहि आपणांस त्या दिवशीं प्रथमच बरें वाटलें, असें त्यांनीं आम्हांस लिहिलें आहे.