लेखणीच्या टॅब्लेटसाठी पडद्याचे आवरण कसे निवडावे?

टॅब्लेटचा उपयोग वाचनापुरता व चित्रफिती पाहण्यापुरता मर्यादित न राहता लेखनासाठीही होऊ लागल्यापासून पडद्यावरील संरक्षक आवरणाची निवड ही किरकोळ बाब राहिलेली नाही. बाजारात ‘स्क्रीन गार्ड’ या नावाने मिळणारे हे आवरण बहुतेक ग्राहक पडदा फुटू नये किंवा त्यावर ओरखडे येऊ नयेत एवढ्याच हेतूने घेतात. मात्र स्टायलसने, म्हणजे पडद्यावर लिहिण्याच्या लेखणीने, रोज काम करणाऱ्यासाठी हे आवरण कागदाची जागा घेते. अक्षराचे वळण, लेखणीच्या टोकाचे आयुष्य आणि डोळ्यांवर येणारा ताण या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

बंगळुरूची पार्श्वभूमी

लेखणीने चालणाऱ्या संगणकाशी बंगळुरूचे नाते जुने आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी एकत्र येऊन ‘सिम्प्युटर’ या हातात मावणाऱ्या स्वस्त संगणकाची कल्पना मांडली. त्याचे प्रारूप २००१ मध्ये सादर करण्यात आले. २००४ मध्ये पिकोपेटा या कंपनीने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आणला. इंग्रजी न जाणणाऱ्या सामान्य माणसाला कळफलकाविना संगणक वापरता यावा, हा त्यामागील उद्देश होता. त्याची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. मात्र भारतीय भाषांसाठी लेखणी हे सोयीचे साधन ठरू शकते, हा विचार त्यातून पुढे आला.

एचपी कंपनीच्या बंगळुरू येथील प्रयोगशाळेनेही त्याच दशकात भारतीय लिप्यांसाठी लेखणीवर चालणारा कळफलक विकसित केला. पाटीवर छापलेल्या व्यंजनावर लेखणी टेकवून तेथेच मात्रा, वेलांटी किंवा उकार रेखाटला की जोडलेले अक्षर संगणकात उमटत असे. देवनागरी आणि कन्नडसारख्या लिप्यांमध्ये शेकडो अक्षररूपे असतात. त्यांच्यासाठी हाताचे वळण हाच सर्वात जवळचा मार्ग आहे, हे त्यामागील तत्त्व होते.

त्या काळातील हाती धरायच्या संगणकांचा पडदा सामान्यतः दाबावर चालणारा असे. वरचा लवचिक थर दाबला जाऊन खालच्या थराला टेकला की स्पर्शाची नोंद होत असे. वरचा थर प्लास्टिकचा असल्याने त्यावर ओरखडे लवकर पडत आणि पातळ पारदर्शक आवरण जवळजवळ आवश्यकच ठरे. आजच्या टॅब्लेटवर कठीण काच असते. त्यामुळे आवरण का लावायचे, या प्रश्नाचे उत्तरही बदलले आहे.

पहिला प्रश्न : लेखणी कोणत्या प्रकारची?

आवरण घेण्यापूर्वी आपली लेखणी कोणत्या तत्त्वावर चालते, हे जाणून घेणे आवश्यक आहे. सध्या प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार रबरी टोकाच्या किंवा टोकाला पारदर्शक चकती असलेल्या स्वस्त लेखणीचा. ती केवळ बोटाची नक्कल करते. पडद्याला बोट व ही लेखणी यांतील फरक कळत नाही. आवरण जाड असेल तर स्पर्शाचा संकेत क्षीण होतो आणि रेषा मध्येच तुटते. या लेखणीसाठी पातळ आवरणच घ्यावे.

दुसऱ्या प्रकारात लेखणीमध्ये स्वतःची बॅटरी असते आणि तिच्या टोकातून निघणारा संकेत पडद्यातील स्पर्शजाळे टिपते. अॅपलने २०१५ मध्ये आयपॅड प्रोबरोबर आणलेली पेन्सिल या प्रकारातील आहे. येथेही फार जाड काच अडचणीची ठरू शकते. त्या विशिष्ट टॅब्लेटसाठी बनवलेले आवरण घेणे इष्ट.

तिसरा प्रकार विद्युतचुंबकीय तत्त्वावर चालतो. वॅकॉम कंपनीने विकसित केलेले हे तंत्र सॅमसंगने २०११ पासून गॅलक्सी नोट मालिकेत आणि पुढे आपल्या अनेक टॅब्लेटमध्ये वापरले. पडद्याखालील पट्टिका लेखणीला ऊर्जा पुरवते, त्यामुळे लिहिण्यासाठी लेखणीत बॅटरी लागत नाही. लेखणी पडद्याला टेकण्यापूर्वीच काही मिलिमीटर अंतरावरून तिची जागा कळते. साहजिकच आवरणाच्या जाडीचा तिच्या संकेतावर फारसा परिणाम होत नाही. मात्र बोटाच्या स्पर्शासाठी वेगळे जाळे असते. काचेच्या आवरणानंतर बोटाचा स्पर्श मंद वाटल्यास सॅमसंगच्या सेटिंगमध्ये स्पर्शसंवेदनशीलता वाढवण्याची सोय दिलेली असते.

आवरणांचे प्रकार

टेम्पर्ड काच : साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची ही काच पडद्यावर थेट बसणारा आघात स्वतःवर घेते. चित्र स्वच्छ दिसते आणि बोट सहज फिरते. लेखणीसाठी मात्र ती निसरडी असते. शिवाय लेखणीचे टोक आणि प्रत्यक्ष उमटणारी रेषा यांतील अंतर तिच्यामुळे थोडे वाढते. ज्या टॅब्लेटमध्ये वरची काच व चित्रपटल यांच्यात मुळातच पोकळी असते, तेथे हा फरक अधिक जाणवतो.

पारदर्शक फिल्म : ही काचेपेक्षा बरीच पातळ असते. ती ओरखड्यांपासून बचाव करते, आघातापासून विशेष नाही. लिहिण्याचा अनुभव काचेसारखाच गुळगुळीत राहतो.

मॅट फिल्म : हिचा पृष्ठभाग अतिसूक्ष्म खरखरीत असतो. दिव्यांचे प्रतिबिंब विखुरले जाते आणि लेखणीला पकड मिळते. परंतु तोच खरखरीतपणा पडद्यातून येणारा प्रकाशही विखुरतो. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर रंगीत चमचम दिसते आणि बारीक अक्षरे किंचित पुसट होतात.

कागदासारखी फिल्म : ही मॅट फिल्मचीच अधिक खरखरीत आवृत्ती होय. लिहिताना कागदाचा भास व थोडा आवाजही होतो. पकड सर्वात चांगली, पण टोकाची झीजही सर्वाधिक. काही टॅब्लेटसाठी चुंबकाने बसणारी, लिहिताना लावून नंतर काढून ठेवता येणारी फिल्मही मिळते.

काही उपकरणांना यांपैकी कशाचीही गरज नसते. ई-इंक पडद्याच्या लेखन-टॅब्लेटचा पृष्ठभाग बहुधा मुळातच किंचित खरखरीत ठेवलेला असतो. अॅपलने २०२४ मध्ये आयपॅड प्रोच्या अधिक साठवण क्षमतेच्या प्रकारांत चकाकी कमी करणाऱ्या काचेचा पर्याय दिला. अशा काचेवर दुसरे आवरण चिकटवल्यास तिचा मूळ गुणच झाकला जातो.

देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी

लेखणीच्या पकडीचा प्रश्न देवनागरीत अधिक महत्त्वाचा ठरतो. कन्नड लिपीत गोलाकार वळणे अधिक असल्याने हात बराच वेळ सलग फिरतो. देवनागरीत मात्र लेखणी वारंवार उचलावी लागते, नेमक्या जागी टेकवावी लागते आणि शेवटी शिरोरेषा योग्य ठिकाणी थांबवावी लागते. ‘ध’ आणि ‘घ’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांमधील फरक बव्हंशी डोक्यावरची रेषा कोठे तुटते यावर अवलंबून असतो. गुळगुळीत काचेवर ती रेषा थोडी पुढे घसरली की ‘धर’चे ‘घर’ आणि ‘भार’चा ‘मार’ होऊ शकतो. वाचणारा माणूस संदर्भावरून अर्थ लावील; हस्ताक्षराचे टंकित मजकुरात रूपांतर करणारी प्रणाली नेहमीच लावील असे नाही.

अनुस्वाराचा टिंबही असाच नाजूक असतो. तो हलक्या स्पर्शाने दिला जातो. जाड आवरणामुळे संकेत क्षीण झाला तर प्रथम हरवतो तो हा टिंब. म्हणून मराठीत नोंदी घेणाऱ्याने संपूर्ण गुळगुळीत काचेपेक्षा सौम्य मॅट फिल्मचा विचार प्रथम करावा.

टोकाची झीज

लेखणीचे टोक प्लास्टिकचे असते आणि खरखरीत पृष्ठभागावर ते झिजते. टोके वेगळी विकत मिळतात व घरी बदलता येतात. मात्र रोज अनेक पाने लिहिणाऱ्याने हा वारंवार होणारा खर्च आवरणाच्या किमतीत धरूनच हिशेब करावा. टोक एका बाजूने चपटे झाले, रेषा अडखळू लागली किंवा आतील कठीण भाग उघडा पडला, तर ते त्वरित बदलावे. अन्यथा पडद्यालाच ओरखडे पडण्याचा धोका असतो. फिल्मही झिजते. पानाच्या ज्या भागात सतत लिहिले जाते तेथे ती गुळगुळीत होते आणि पकड असमान वाटू लागते.

‘९एच’ म्हणजे काय?

काचेच्या वेष्टनावर ‘९एच’ असा उल्लेख हमखास आढळतो. त्यामुळे ही काच जवळपास हिऱ्याइतकी कठीण असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात ही श्रेणी शिसपेन्सिलीच्या चाचणीतील आहे. ९एच या कठीण पेन्सिलीने पृष्ठभागावर ओरखडा उमटला नाही, एवढाच तिचा अर्थ. खनिजांच्या कठीणपणाच्या मोस मापनश्रेणीशी तिचा संबंध नाही. त्या श्रेणीत हिऱ्याचा क्रमांक १० असून वाळूतील गारेचा ७ आहे, आणि सामान्य काच गारेहून मऊ असते. म्हणजे रस्त्यावरील धुळीचा कण लेखणीच्या टोकाखाली अडकला तर ‘९एच’ काचेवरही रेघ उमटू शकते. प्लास्टिकच्या टोकापेक्षा हा कणच पडद्याचा खरा शत्रू आहे. लिहिण्यापूर्वी पडदा मऊ कापडाने पुसण्याची सवय कोणत्याही आवरणाइतकीच उपयुक्त आहे.

खरेदी करताना आणि लावताना

बंगळुरूत सदर पत्रप्पा मार्ग, म्हणजे सर्वपरिचित एस. पी. रोड, हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा मोठा बाजार आहे. अशा बाजारात किंवा आपल्या गावातील दुकानात जाताना टॅब्लेट आणि लेखणी दोन्ही बरोबर न्यावीत. शक्य असल्यास दुकानात आधीच आवरण लावलेल्या टॅब्लेटवर चार ओळी लिहून पाहाव्यात. त्यात ध, घ, भ, म ही अक्षरे आणि दोन-तीन अनुस्वार असावेत. नंतर पडद्याकडे तिरके पाहून टोक व रेषा यांतील अंतर तपासावे. पडद्याखाली बोटाचा ठसा ओळखणारी यंत्रणा असल्यास आवरण तिला चालते का, हेही विचारून घ्यावे.

आवरण लावताना पंखा बंद ठेवावा, हात धुवावेत आणि धूळ चिकटपट्टीने टिपून घ्यावी. फिल्मखाली अडकलेली हवा कार्डाच्या कडेने बाहेर काढता येते; अडकलेला धुळीचा कण मात्र तसाच राहतो आणि लिहिताना तेथे लेखणी अडते.

कोणासाठी कोणते?

विद्यार्थी आणि सतत नोंदी घेणाऱ्यांसाठी सौम्य मॅट फिल्म योग्य. रेखाचित्रे काढणाऱ्यांना कागदासारखी फिल्म अधिक मानवते, मात्र रंगांची अचूकता महत्त्वाची असेल तर काढता-घालता येणारा प्रकार घ्यावा. उन्हात काम करणाऱ्या सर्वेक्षकांना मॅट पृष्ठभागाचा लाभ होतो. टॅब्लेट लहान मुलांच्या हाती जात असेल तर टेम्पर्ड काच बरी. परंतु कोपऱ्यावर पडलेल्या टॅब्लेटला काच वाचवीलच असे नाही, त्यासाठी कडा झाकणारे कव्हर हवे. अधूनमधूनच लिहिणाऱ्याने पडदा स्वच्छ ठेवून आवरण न लावणे, हाही योग्य निर्णय ठरू शकतो.

आवरण कधीही बदलता येते. परंतु लिहिताना हात अवघडत असेल किंवा अक्षर ओळखू येत नसेल, तर बरेच जण दोष स्वतःच्या हस्ताक्षराला किंवा लेखणीला देतात व लिहिणेच सोडतात. त्याआधी पडद्यावरचा तो पातळ थर एकदा बदलून पाहावा.