फोटोतली मागची रांग : नारायणगुड्याच्या बायका, कपडे आणि ‘अंगाची’ गोष्ट



मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर 1968 सालच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो आला. विठ्ठलवाडीतल्या वाड्याचं अंगण, सतरा बायका, मागे तुळशीवृंदावन. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘पूर्वीच्या बायका बघा कशा सडसडीत! ना जिम, ना डाएट.’ त्यावर शंभरेक अंगठे.

मंडळी, त्या फोटोत मी आहे. मागच्या रांगेत खांबाआड, अर्धा चेहरा दिसतो ती. मला तिथं उभं केलं होतं. आमच्या आत्या म्हणाल्या होत्या, ‘तू मागं हो गं, नाहीतर सगळा फोटो तूच भरून टाकशील.’ सगळ्या हसल्या, मीही हसले. तेव्हा मी अठरा वर्षांची होते.

आणि पुढच्या रांगेत मधोमध बसलेली, जिच्या बारीक बांध्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, ती माझी काकू. सात बाळंतपणं झाली होती तिची. घरातले पुरुष जेवले, मुलं जेवली, सासू जेवली, की उरलेल्या आमटीत पाणी घालून ती जेवायची. संकष्टी, सोमवार, एकादशी वेगळेच. फोटोनंतर दोन वर्षांनी ती गेली. अंगात रक्तच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून वाटलं, आपल्या भागातल्या बायकांच्या अंगाचा आणि कपड्यांचा इतिहास एकदा लिहून काढावा. मी बँकेत आयुष्य घालवलं. जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे, ही सवय जात नाही.

आधी कपड्यांचं. आमच्या आईच्या पिढीला ‘साइज’ हा शब्दच ठाऊक नव्हता. सुलतान बाजारातून नारायणपेठी किंवा इरकली लुगडं यायचं. नऊ वार सगळ्यांना सारखंच. बाई अंगानं भरली की निऱ्या दोन कमी, वाळली की दोन जास्त. बाळंतीण, म्हातारी, लठ्ठ, किडकिडीत, एकच लुगडं सगळ्यांना पुरायचं, आईचं लेकीला व्हायचं. लुगड्यानं कुणाला ‘तुमच्या मापाचं नाही’ असं म्हटलं नाही. आमच्या शेजारच्या मुसलमान घरातला खडा दुपट्टाही तसाच, सहा वारांचा. ज्याचं अंग जसं, तसा तो बसायचा.

माप फक्त चोळीला. त्यातही शिंप्याची एक युक्ती होती. लिंगमपल्ली चौरस्त्याकडे आमचे एक मास्टर होते. बायकांना ते टेप लावत नसत, जुना मापाचा ब्लाउज द्यायचा. शिवताना ते आतल्या बाजूला दोन-दोन बोटं जादा कापड सोडत आणि म्हणत, ‘अंदर कपड़ा छोड्या हूँ माँ, बाद में खोल को लेना.’ या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. मुंढ्यात काचायला लागलं की आई दुपारी एक टीप उसवायची, झालं. अंग वाढणार, कमी होणार, पुन्हा वाढणार, हे शिवणाऱ्यानं आधीच धरलेलं असायचं. आज रेडिमेड ब्लाउज उलटा करून बघा, पाव बोटसुद्धा माया नसते.

आता बोलण्याचं. नारायणगुड्यात आम्ही किती भाषांमध्ये वाढलो! केशव मेमोरियलच्या आजूबाजूला मराठी घरं, माडपाटी हनुमंतराव शाळेत जाणाऱ्या तेलुगू मुली, बरकतपुऱ्याकडची उर्दू बोलणारी कुटुंबं. आणि प्रत्येक भाषेत माझ्या अंगाला वेगळा शब्द होता. समोरच्या तेलुगू मामी माझा गाल ओढून म्हणायच्या, ‘बोद्दुगा, मुद्दुगा!’ म्हणजे गुबगुबीत नि गोड. मैत्रिणीची अम्मी ‘मोटी’ कधी म्हणाली नाही, नजर लागेल म्हणून. ‘माशाल्ला, सेहत अच्छी है’ म्हणायची. आमच्या मराठीत मात्र दोन वह्या होत्या. पाच वर्षांची होईपर्यंत ‘कसं छान बाळसं धरलंय’, ‘खात्यापित्या घरची दिसते’. बारावं लागलं की तीच मुलगी ‘ढब्बी’. आणि नमुना म्हणून समोर ठेवायची ती ‘चवळीची शेंग’.

पण हे फार जुनं असेल असं समजू नका. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या बायका बघा, वेरूळची शिल्पं बघा, भरल्या अंगाच्या आहेत. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत लागल्या. आमच्याही देवघरात होत्या. त्या लक्ष्मीच्या दंडाला आजचा कुठलाही तयार ब्लाउज बसायचा नाही. तिच्यासमोर रोज हात जोडून, वळून मुलीला ‘भात कमी घे’ म्हणणारी माणसं आम्ही.

सिनेमाचंही असंच. तेलुगूत सावित्रीसारखी नायिका होती. 1957 च्या ‘मायाबझार’मध्ये तिचा गोल चेहरा आणि भरलेलं अंग बघायला लोक पुन्हा पुन्हा जात. 1962 च्या ‘गुंडम्मा कथा’त एन. टी. रामाराव आणि नागेश्वरराव असे दोन मोठे नायक होते, तरी सिनेमाचं नाव ठेवलं ते सूर्यकांतम्मांनी केलेल्या खाष्ट, जाडजूड गुंडम्माचं. हिंदीत काय झालं? उमादेवी नावाच्या गायिकेनं 1947 च्या ‘दर्द’मधल्या आवाजानं लोकांना हळवं केलं. पुढे तीच पडद्यावर आली ती ‘टुणटुण’ म्हणून, हसण्यापुरती. आणि ते नाव शाळेत मला चिकटलं. ज्या मुलींनी ठेवलं, त्यांतल्या दोघी या ग्रुपवर आहेत. राग नाही, पण आठवण आहे.

1966 हे वर्ष मला मुद्दाम आठवतं. लंडनमध्ये ट्विगी नावाच्या काडीसारख्या मुलीला त्या वर्षीचा चेहरा म्हणून गाजवलं आणि त्याच वर्षी मुंबईची रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली. मासिकांतून ते वारं आमच्या वाड्यापर्यंत आलं. मला बघायला चार ठिकाणचे लोक आले. तीन ठिकाणांहून काहीच कळलं नाही. चौथ्यांचं पत्र आलं, ‘मुलगी गुणी आहे, पण अंगानं जरा जास्त आहे.’ वडिलांनी ते पत्र पंचांगात ठेवलं. मला सापडेल हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, भरती वाढली. बी.कॉम. झालेल्या मुलीला दार उघडलं. 1973 ला मी नोकरीला लागले. काउंटरच्या मागे बसलेल्या बाईचा हिशेब जुळतो का, एवढंच लोक बघत. ते मला फार आवडलं. लग्नही पुढे झालं. ह्यांनी माझ्या अंगाबद्दल आयुष्यात एक शब्द काढला नाही, ना चांगला ना वाईट.

ऐंशीच्या सुमाराला गाऊन आले, मग पंजाबी ड्रेस, मग रेडिमेडची दुकानं. आणि इथं पहिल्यांदा कपड्यानं बाईला नाकारायला सुरुवात केली. एका मोठ्या दुकानात विक्रेत्या मुलानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, ‘आपके साइज का नहीं आता मॅडम, ऊपर पडदे-चादर है.’ त्यानं चेष्टा केली की खरंच मी चादर घ्यायला आले असं त्याला वाटलं, आजही सांगता येत नाही. त्यानंतर मी रेडिमेडच्या दुकानात वीस वर्षं पाय ठेवला नाही.

हे साइजचे आकडे आले कुठून? अमेरिकेत 1939-40 मध्ये सरकारी खात्यानं सुमारे 15,000 बायकांची प्रत्येकी 59 मापं घेतली. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. त्यावरून पुढे तिकडचे प्रमाण साइज ठरले आणि आपल्याकडच्या तयार कपड्यांवरचे आकडेही बरेचसे तिकडच्या मापांवरूनच आले. म्हणजे माझं अंग ज्या फूटपट्टीला लागत नव्हतं, ती माझ्यासाठी केलेलीच नव्हती! भारतीय अंगांची मापं घ्यायची ‘इंडिया साइज’ योजना निफ्ट संस्थेनं 2018 मध्ये जाहीर केली. सहा शहरांतून 25,000 माणसं मोजायची, आणि त्या सहांत आपलं हैदराबादही. एवढी साधी गोष्ट व्हायला आपल्याला सत्तर वर्षं लागली.

न्यूयॉर्कमध्ये मात्र हे फार आधी एका शिंपिणीनं ओळखलं. लीना नावाची लिथुआनियाहून आलेली तरुण विधवा, पदरी मूल. 1904 मध्ये तिनं दुकान काढलं. आधी गरोदर बायकांचे कपडे शिवले, मग थोराड अंगाच्या. तिनं आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्यानं हजारो गिऱ्हाइकांची मापं जमवली आणि पुढे थोराड बायकांच्या कपड्यांचाच धंदा मोठा झाला. सांगतात की बँकेत खातं काढताना कागदावर ‘लीना’चं ‘लेन’ झालं, आणि दुकान ‘लेन ब्रायंट’ म्हणूनच गाजलं. बँकेतली चूक कुणाला अशी लाभलेली मी दुसरी पाहिली नाही.

आता कुणी म्हणेल, बाई लठ्ठपणाची वकिली करतायत. तसं नाही. मला साखर आहे, रोज गोळी घेते, संध्याकाळी चालते. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था 1958 मध्ये कुन्नूरहून आपल्या गावात आली, तेव्हा देशाची काळजी उपासमारीची होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1998-99 मध्ये शंभरातल्या जवळपास 36 बायका कृश होत्या आणि 11 वजनदार. 2019-21 मध्ये कृश 19 आणि वजनदार 24. (पहिल्या वेळी फक्त लग्न झालेल्या बायका मोजल्या होत्या, तेवढा फरक धरा.) वजन वाढलंय, खरंच. पण नुसत्या डोळ्यांनी तब्येत कळत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला दोघेही बारीक! तेव्हा बारीक म्हणजे निरोगी आणि जाड म्हणजे आळशी, हा हिशेब मुळातच चुकीच्या खात्यात लिहिलाय.

आणि टोमण्यानं कुणी निरोगी होत नाही. फिजी बेटांवर भरल्या अंगाचं कौतुक होतं. 1995 मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही पोचला. तीन वर्षांनी पाहिलं, तर शाळेतल्या शंभरातल्या अकरा मुली वजन कमी करायला ओकाऱ्या काढत होत्या. आधी एकही नव्हती.

शेवटी माझी खर्चाची बाजू. आत्यांनी मला खांबाआड उभं केलं, ते मी सांगितलं. पण माझी लेक चौदा वर्षांची असताना तिनं पिवळा फ्रॉक मागितला, तेव्हा ‘गडद घे, अंग कमी दिसतं’ असं मी म्हणाले. जेवताना दुसऱ्या पोळीकडे बघायची, ती माझीच नजर होती. ज्या गोष्टीनं मी जळले, तीच जशीच्या तशी पुढे दिली. ती आज पन्नाशीला आली तरी काळा, निळा, चॉकलेटी एवढंच घालते. गेल्या दिवाळीत नात जुने अल्बम चाळत होती. म्हणाली, ‘आजी, प्रत्येक फोटोत तू पोटासमोर पर्स नाहीतर कुणाचं तरी बाळ धरून का उभी आहेस?’ लेक शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मी पण.’ मग कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून तो पिवळा फ्रॉक आठवतो का विचारलं. आठवत होता. दुकान आणि किंमतसुद्धा. मी ‘चुकलं माझं’ म्हणाले. ती म्हणाली, ‘असू दे आई.’ पण बराच वेळ फोन ठेवला नाही.

तर मंडळी, दोन विनंत्या. फोटोखाली कुणाच्या अंगाबद्दल लिहू नका, कौतुकानंसुद्धा नाही. आणि त्या फोटोतली पुढची रांग सगळ्यांनी ओळखली, मागच्या रांगेतल्या सहाजणींची नावं अजून कुणी लिहिलेली नाहीत. खांबाआडची मी. डावीकडून दुसरी माझी मामेबहीण. उरलेल्या चौघी कोण, ज्यांना आठवतंय त्यांनी खाली लिहा. आत्ता नाही लिहिली, तर पुढे सांगणारं कुणी राहणार नाही.