७०० फोटो, एक हॉल

बूट दारातच काढा. साल १९८१, शहर फुकुओका, जपानच्या क्यूशू बेटावरचं. तुम्ही एका रिकाम्या जिम्नॅशियममध्ये आला आहात. लाकडी जमिनीवर कोर्टाच्या रेषा आखलेल्या, वर उंच छत, खेळणारं कुणीच नाही. हॉलभर ठरावीक ठिकाणी स्टँड मांडलेत आणि प्रत्येक स्टँडवर एक फोटो लावलाय. जवळ जाऊन बघा. फोटो याच हॉलचा आहे. त्यातही स्टँड आहेत, त्यांवर फोटो आहेत, आणि त्या फोटोंतही हाच हॉल.

आता एका स्टँडपासून सोळा पावलांवर उभे राहा. इथून फोटो नखाएवढा दिसतो. आठ पावलं चाललात की तो दुप्पट होतो. पुढे चारच पावलांत पुन्हा दुप्पट. मग दोन पावलांत, मग एका. पावलाचं माप तेच, पण फोटो आधी रेंगाळतो आणि शेवटी एकदम अंगावर येतो. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट, एवढाच हिशेब. नाक टेकायच्या आत फोटोच्या चारही कडा नजरेबाहेर जातात, आणि कडा गेल्या की फोटो उरतच नाही. उरतो तो हॉल. तुम्ही पुन्हा एका स्टँडपासून सोळा पावलांवर.

हा डाव मांडणारा ताकाशी इतो आहे पंचविशीतला, क्यूशू इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचा विद्यार्थी. त्याला ‘स्पेसी’ नावाचा सिनेमा करायचाय, पण हॉलमध्ये तो सिनेमाचा कॅमेरा फिरवत नाही. साधे स्थिर फोटो काढतो. कॅमेरा ठरल्या जागी ठेवायचा, एक फोटो घ्यायचा, मोजून सरकवायचा, पुढचा घ्यायचा. असे ७००. आधी सरळ रेषेत एकसारख्या गतीने पुढे जायचं, मग वर्तुळात, मग पॅराबोलाच्या वळणाने, असे त्याचे नियम ठरलेले आहेत. शाळेत आलेखाच्या कागदावर आपण जी वक्ररेषा काढली, त्याच वक्ररेषेवरून इथे नजर जाते.

सगळ्यात चिवट काम पुढे आहे. कॅमेऱ्याखाली एक प्रिंट ठेवा. कोपरे वर उचलले जात असतील तर दाबून सपाट करा. फिल्मची एकच फ्रेम टिपा. प्रिंट काढा, दुसरी ठेवा, पहिली होती त्याच जागी, तसूभरही इकडेतिकडे नाही. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा चोवीस फ्रेम लागतात. दहा मिनिटांचा सिनेमा म्हणजे १४,४०० फ्रेम. फोटो ७००, तेव्हा सरासरीने प्रत्येकाची पाळी वीसेक वेळा येते. क्रम चुकला तर हॉल मोडतो.

या वेडाची मुळं बघायची तर सहा वर्षं मागे चला, १९७५ मध्ये. आता मात्र तुम्ही बघणारे नाही. तुम्ही मध्यभागी बसलेले आहात आणि चेहऱ्यावर हान्या मुखवटा आहे: जपानी नोह नाटकातला, मत्सराने राक्षसीण झालेल्या स्त्रीचा, शिंगांचा आणि विचकलेल्या दातांचा. तुमच्याभोवती वर्तुळात ४८० जागा ठरवल्यात आणि सिनेमाकार तोशिओ मात्सुमोतो त्या जागांवरून तुम्हाला फ्रेम-फ्रेम करून टिपतोय, तेही इन्फ्रारेड फिल्मवर. तुम्ही जागचे हलत नाही. पडद्यावर मात्र तुम्ही भोवऱ्यासारखे गरगरता. या सिनेमाचं नाव ‘आत्मन’. पुढे मात्सुमोतो फुकुओकाला शिकवायला आला आणि इतो त्याच्या हाताखाली शिकला. वर्तुळ गुरूकडून आलं. वर्तुळाच्या मध्यावरचा माणूस उठवून तिथे फोटो ठेवायचा, हे मात्र इतोचं स्वतःचं, आणि मला ते गुरूच्याही पुढचं पाऊल वाटतं. ‘आत्मन’मध्ये गरगरणारं कुणीतरी समोर असतं. इतोच्या ‘स्पेसी’त गरगरायला तुमच्याशिवाय कुणीच नाही.

चला, परत १९८१. अंधार, प्रोजेक्टर, इलेक्ट्रॉनिक आवाजाचा ठेका. पहिल्या वेळी नजर स्टँडकडे निघते तेव्हा तुम्ही निवांत असता. फोटोत शिरताना किंचित दचकता. पुढे पुढे वाट ओळखीची होते आणि तुम्ही मोजू लागता: आता कडा जाणार, आता हॉल उघडणार. तेवढ्यात सरळ रेषा सुटते. हॉल स्वतःभोवती फिरतो. मग नजर हवेत वळण घेते आणि जमीन कुठे नि छत कुठे याचा पत्ता राहत नाही. पोटात खड्डा पडतो. आपण खुर्चीत बसलोय हे ठाऊक असूनही पडतो.

मोजमापावर उभी असलेली कला कोरडी असते, असं पुष्कळांना वाटतं. त्यांना मी याच खुर्चीत बसवीन. इतो कॅमेरा हातात धरून नुसता चालला असता, तर फोटो आणि हॉल यांचा सांधा दिसला असता आणि डोळ्याने चोरी पकडली असती. मापं तंतोतंत आहेत म्हणूनच डोळ्याला पकडायला काही मिळत नाही आणि शरीर मुकाट फसतं. ट्रिक कळल्यावरही फसतं, आणि मला तर याचंच अधिक अप्रूप आहे.

थांबणार असाल तर वर्षभर इथेच थांबा. १९८२ मध्ये इतो ‘थंडर’ करील. त्यात रिकाम्या इमारतीच्या भिंतींवर, ओंजळीत चेहरा झाकणाऱ्या एका बाईची प्रतिमा अंधारात पाडलेली असेल, आणि कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून हलत्या दिव्याच्या रेघाही फ्रेम-फ्रेम करून टिपलेल्या असतील.