सत्तर टन आणि पन्नास वल्ही

मराठ्यांच्या आरमारावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात लढाया आहेत, जंजिरे आहेत, तहनामे आहेत, कान्होजी आंग्रे आहेत आणि अर्थातच अभिमान आहे. जहाज मात्र क्वचितच दिसते. गुराब आणि गलबत हे शब्द पानोपानी येतात. परंतु गलबताची लांबी किती, रुंदी किती, दोर कोठे बांधलेला, हे विचारू लागावे तर लेखक ‘लहान व चपळ’ या दोन विशेषणांवर भागवतात. आम्हीही वर्गात याच दोन विशेषणांवर वीस वर्षे भागवले.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा दोघा सहकाऱ्यांना गलबताची लाकडी प्रतिकृती करण्याची हुक्की आली आणि हे भागणे संपले. गद्यात वाक्य धूसर ठेवता येते. लाकडाला ते चालत नाही. फळी कापायची तर ती अमुक इंच लांब कापावी लागते. दोराचे एक टोक डोलकाठीला बांधले की दुसरे कोठेतरी बांधावेच लागते, आणि ‘कोठेतरी’ नावाची खुंटी कोणत्याही जहाजावर नसते.

इंग्रजी जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याला ही अडचण फारशी येत नाही. त्यांच्या आरमारी जहाजांचे आराखडे जपलेले आहेत आणि १:४८ प्रमाणातल्या जुन्या प्रतिकृतीही ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात लोटलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. तिचे आराखडे विलायतेहून मुंबईस धाडले, तेव्हा ते नेणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी लढाईत नष्ट केले. आराखड्यांची दुसरी प्रत पाठवण्यात आली व काम पुढे सरकले. कागद बुडाला तर दुसरा कागद होता, एवढीच गोष्ट येथे लक्षात घ्यावयाची.

आमच्या गलबताचा पहिलाच कागद नाही. जहाजेही नाहीत. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रजांच्या भडिमाराने एका जहाजाला आग लागली, ती पसरत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार एका संध्याकाळी जळाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांचे भागीदार होते. अभिमानाच्या प्रकरणांत हे वाक्य सहसा तळटीपेत असते.

उरतात ती वर्णने. घरचे वर्णन रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. गुराबा फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत, वाऱ्यावाचून जी चालतच नाहीत अशी अवजड जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही, असा त्याचा आशय. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती बळाने तोडू नयेत, ही प्रसिद्ध ताकीदही त्याच ग्रंथातली. ती थेट शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून फिरत असते, ते सोडून देऊ. अमात्यांना राज्य चालवायचे होते, सुताराला माप द्यायचे नव्हते.

दुसरे वर्णन शत्रूपक्षाकडचे. रॉबर्ट ऑर्मने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात एका परिच्छेदात गुराब आणि गलबत रेखाटले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराब लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार खोल न बसणारी, पुढे चोचीसारखी नाळ काढलेली. दोन डोलकाठ्यांची असेल तर दीडशे टनांपर्यंत, तीन असतील तर सुमारे तीनशे टनांची. गलबत हे गुराबेसारखेच, पण आकाराने कमी, क्वचितच सत्तर टनांवर जाणारे. मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड. आणि चाळीस ते पन्नास मजबूत वल्ही. आमच्या कामाला हे पुरेसे वाटले. मग आम्ही पट्टी हातात घेतली.

टन म्हणजे लांबी नव्हे. परंतु अठराव्या शतकातल्या इंग्रजांची टन मोजण्याची एक रीत होती. लांबीतून रुंदीचा तीन पंचमांश वजा करावयाचा, उरेल त्यास रुंदीने आणि पुन्हा निम्म्या रुंदीने गुणावयाचे आणि ९४ ने भागावयाचे. गणिताच्या सहकाऱ्यांना चहा पाजून आम्ही हे उलटे मांडून घेतले. ऑर्म म्हणतो तसे रुंद गलबत धरले, म्हणजे लांबी रुंदीच्या साडेतीनपट, तर सत्तर टनांस लांबी येते अठ्ठावन्न फूट आणि रुंदी साडेसोळा. १:४८ ला साडेचौदा इंच. टेबलावर छान मावते.

त्यावर वल्ही मावत नाहीत. बसून वल्हे ओढणाऱ्याला मागेपुढे झुकावयास दोन हात, म्हणजे तीन फूट, जागा लागते. हे माप ग्रीकांच्या काळापासूनचे आहे. चाळीस वल्ही म्हणजे एका अंगाला वीस, म्हणजे नुसत्या वल्हेकऱ्यांसाठी साठ फूट. गलबत अठ्ठावन्न फुटांचे! नाळ आणि सुकाणू यांना जागाच नाही. लांबी रुंदीच्या सहापट धरली तेव्हा कोठे ऐंशी फूट लांबी व साडेतेरा फूट रुंदी आली आणि चाळीस वल्ही बसली. पन्नास तेव्हाही दाटीनेच बसतील.

तेव्हा ऑर्मचे ‘गुराबेसारखे’ हे नाळेच्या आकारापुरते खरे असावे, प्रमाणापुरते नव्हे. आम्ही भाषेचे शिक्षक. ‘सारखे’ या शब्दाखाली किती काय झाकले जाते हे आम्हाला एरवी ठाऊक असावयास हवे होते. परंतु ऐंशी फुटांच्या या अरुंद होडीने आम्हाला आणखीही काही दाखवले. चाळीस वल्हेकरी, त्यांखेरीज लढणारे आणि तोफा एवढे धरल्यावर साडेतेरा फुटांत पाणी आणि धान्य ठेवावयाचे कोठे? असे तारू फार दिवस समुद्रात राहू शकत नाही. त्याला जवळ खाडी हवी, खाडीच्या मुखाशी किल्ला हवा, किल्ल्यात गोडे पाणी हवे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही नावे आपण दुर्गांच्या यादीत शिकवतो. त्यांना गलबतांची कोठारे म्हणूनही शिकवावयास हरकत नाही. वारा पडला की हीच गलबते गुराबांना ओढीत शिकारीच्या मागावर नेत, असे ऑर्मच सांगतो. ‘चपळ’ हे विशेषण अशा रीतीने माणसांच्या दंडावर उभे होते आणि त्या माणसांपैकी फारच थोड्यांची नावे कागदावर आली.

बांधणीचे फार सांगत नाही. जुन्या फर्निचरचे सागवान वापरले. तळाच्या कण्याला कोकणात ‘पठाण’ म्हणतात, हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांची करमणूक झाली. आम्ही आधी बरगड्या उभ्या करून वर फळ्या चढवल्या, कारण विलायती पुस्तके तसे सांगतात. सुरतेचे कारागीर एका फळीच्या कडेस खाच पाडून तीत दुसरी फळी बसवीत, हे एका डच प्रवाशाने नोंदलेले आहे. ते आम्हाला फळ्या चिकटवून झाल्यावर वाचावयास मिळाले.

दोरांच्या बाबतीत मात्र फजिती झाली. मेण लावलेल्या सुती दोऱ्याने आम्ही डोलकाठीला दोन्ही अंगांनी ताण दिले, आडव्या परबाणाला शीड लावले, दामण म्हणजे शिडाच्या खालच्या टोकाचा दोर मागे नेऊन बांधला आणि काम पुरे झाल्याच्या आनंदात प्रतिकृती किनाऱ्यावरच्या एका वृद्ध तांडेलांपुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, फिरवली आणि विचारले, ‘मास्तर, ह्या तारू वळतला कसा?’

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यांनी करंगळीने दाखवले. वारा एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला घ्यावयाचा तर परबाण डोलकाठीशी उभे करून शिडासकट पलीकडे न्यावे लागते. त्यासाठी ताण सोडून वाऱ्याच्या अंगाला नव्याने बांधावे लागतात. आम्ही दोन्ही अंगांना कायमचे ताण दिले होते, फ्रिगेटीला देतात तसे. आमचे गलबत जन्मभर एकाच दिशेला गेले असते.

घरी येऊन एका अंगाचे ताण कापले. आता वीस-वीस वल्ही जागेवर आहेत, शीड फिरते. पाण्याच्या दोन पिंपांना मात्र अजून जागा सापडलेली नाही. ती टेबलावर, बाहेरच ठेवलेली आहेत.