खर्रा
खर्रा हे सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेले व्यसनकारक मिश्रण असून भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत विशेष प्रचलित आहे.

परिणाम
चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे तंबाखूतील निकोटीन तोंडातील श्लेष्मल त्वचेतून रक्तात जलद शोषले जाते. मेंदूत ते डोपामाइनचे स्रवण वाढवते. क्षणिक तरतरी येते, नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो. सेवन नित्याचे झाल्यावर तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागते आणि खंड पडताच चिडचिड, अस्वस्थता जाणवते. ती शमवण्यासाठी पुन्हा सेवन घडते. हेच अवलंबित्व होय.

सुपारीतील अरेकोलीनमुळे गालाच्या आतील ऊती ताठरून तोंड उघडणे कठीण होते. या विकारातून मुखकर्करोग उद्भवू शकतो. खर्रा सोडल्यावर अस्वस्थता बहुधा काही आठवड्यांत ओसरते. ताठरलेल्या ऊती मात्र सहसा पूर्ववत होत नाहीत.